पदरचं तिकीट काढून

“म्हंजी बाई, काम आपण करायचं आन् पैशेबी आपणच भरायचे?”

काकूंच्या हातातली मेथीची जुडी अर्धी निवडून थांबली. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे. त्यावर गोकर्णीचा वेल इतका माजलाय की तार आता टोचली तरच कळते. केडगाव स्टेशनच्या बाजूच्या आमच्या आळीत बातमी इकडची तिकडे जाते ती याच वेलावरून. माझी भाची घोडनदीला असते, रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करते आणि आता तीन महिने बिनपगारी रजा टाकून टांझानियातल्या एका मिशनच्या शाळेत काम करायला निघालीय, एवढंच मी सांगितलं होतं. बाकीचं काकूंनी विचारून काढलं. विमानाचं तिकीट कुणाचं? तिचंच. राहण्या-जेवणाचं? तेही तीच देणार. आणि पगार? नाही.

“ऊसतोडीला मुकादम उचल देतो, तवा टोळी हलते,” काकू म्हणाल्या. “हितं टोळीनंच मुकादमाला उचल दिली म्हणायची!”

“आई, त्याला व्हॉलंटिअरिंग म्हणतात,” काकूंच्या सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. त्या नेहमी खिडकीतूनच बोलतात, पण एकही वाक्य सोडत नाहीत.

“म्हणू देत की. पन बाई, पोरगी घरी च्याचा कप उचलून ठेवती का?”

खरं सांगायचं तर नाही ठेवत. माझ्या वहिनीची तीच तक्रार आहे. घरात कपाला हात लावायचा नाही आणि समुद्र ओलांडून परक्यांची भांडी घासायला जायचं. मी काही बोलले नाही. काकूंना गप्प बसणं म्हणजे कबुलीच वाटते.

“पण काकू,” मी म्हटलं, “हे तुम्हाला नवीन कसं वाटतं? सव्वाशे वर्षं बाया येतायत की अशा, आपल्याच गावात. पदरचं तिकीट काढून.”

“मिशनातल्या मडमा व्हय? त्यांची गोष्ट येगळी.”

“वेगळी कशी?”

“त्या गोऱ्या.”

यावर खिडकीतून हसू आलं. काकूंना स्वतःलाही आलं, पण त्यांनी ते मेथीत लपवलं. काकूंच्या सासूबाई मिशनात दुधाचा रतीब घालत. त्यामुळे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या फाटकाच्या आतलं आपल्याला सगळ्यात जास्त ठाऊक आहे, असा काकूंचा वंशपरंपरागत हक्क आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तरी या विषयात माझा नंबर दुसराच लागतो.

“गोऱ्या म्हंजी पैसेवाल्या. त्यांना काय झालंय यायला?”

इथं मात्र मी ऐकलं नाही. मिनी अॅब्रम्सचं नाव घेतलं. अमेरिकेतली मेथडिस्ट बाई. १८८७ मध्ये मुंबईला आली आणि मुलींच्या शिक्षणाच्या कामाला लागली. १८९८ मध्ये ते बरं चाललेलं काम सोडून ती आपल्या केडगावला आली. त्याच्या थोडं आधीपर्यंत केडगावात होतं काय? स्टेशन, माळरान आणि पंडिता रमाबाईंनी घेतलेली शंभरेक एकर जमीन. ती जमीन बाईंनी घेतली होती फळबागेसाठी. अमेरिकेतल्या मंडळींनी बाईंच्या विधवांसाठीच्या शारदा सदनाला दहा वर्षं मदत कबूल केली होती, ती संपल्यावर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा हिशेब. बाई फार हिशेबी. लोक त्यांची विद्वत्ता सांगतात, धर्मांतर सांगतात, हा हिशेबीपणा कुणी सांगत नाही.

“मग बागंचं काय झालं?”

“बागेत माणसं आली राहायला.”

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळ त्यांना वाचून माहीत नव्हता. १८७४ मध्ये त्यांचे आईवडील उपासमारीनंच गेले होते, पोटच्या पोरीच्या डोळ्यांदेखत. तिकडून त्या मुली आणि बालविधवा घेऊन आल्या, एकदोन नव्हे, शेकड्यांनी. पण सदन तेव्हा पुण्यात, आणि तिथं प्लेगचे दिवस. एवढी माणसं शहरात ठेवायला सरकारी नियमांत जागा नव्हती. मग १८९७ मध्ये हा सगळा लवाजमा केडगावच्या शेतावर. आधी झोपड्या, तंबू, मग हळूहळू दगडी इमारती. १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उभं राहिलं. त्यानंतर गुजरातचा दुष्काळ आला आणि १९०० च्या सुमारास इथं दोन हजारांच्या घरात माणसं जेवत होती.

“दोन हजार!” काकूंनी भाकरीचा हिशेब सुरू केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. “रोजच्या दोन येळच्या?”

“दोन वेळच्या.”

“आन् ह्या मडमा काय भाकरी थापत व्हत्या?”

हा प्रश्न मला आवडला. कारण दूरदेशी मिशनात जाऊन माणूस नेमकं करतो काय, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं की सेवा म्हणजे फोटोत दिसते तशी, मांडीवर मूल आणि मागे झाड. त्या काळी केडगावात नव्यानं आलेल्या परदेशी बाईला भाकरी येत नव्हती, भाषा येत नव्हती आणि ऊन सोसत नव्हतं. मग तिच्या वाट्याला काय येणार? दुष्काळातून आलेल्या मुलींच्या डोक्यात उवा, अंगावर खरूज, डोळे आलेले, पायांना जखमा. त्या धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, केस कापायचे. कित्येक मुली इथं येऊनही वाचल्या नाहीत, त्यांच्या उशाशी बसायचं. ज्या वाचल्या, त्यांना ओळीनं बसवून अक्षरं शिकवायची, आणि त्याआधी रात्री दिव्यापाशी ती अक्षरं स्वतः गिरवायची. शिवाय पत्रं. परदेशातून पैसे यायचे ते पत्रांवर. कुणी किती दिले, त्यातून काय आलं, कोणत्या मुलीचं कसं चाललंय. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचं इंग्रजी पत्रक इथून निघायचं, ते याचसाठी. सेवेचा मोठा भाग टेबलावर बसून होतो, हे माझ्या भाचीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

“आन् सैपाक?”

“स्वयंपाक, दळण, मुलींना सांभाळणं हे सगळं मुलीच करायच्या. शारदा सदनात आधी शिकून तयार झालेल्या मुलींच्या हाती नव्या मुली सोपवलेल्या. एकेकीला एकेक घोळका. हातमाग, तेलाचा घाणा, धुलाई, शिवण, गोठा, शेती, छापखाना. प्रत्येकीला काम. आंधळ्या मुलींचं वेगळं बार्तीमी सदन, त्यांना ब्रेल शिकवायचे.”

“म्हंजी मडम नसती आली तरी चाललंच असतं की.”

सूनबाई हातातलं काम टाकून खिडकीत उभ्या राहिल्या. “आई, असं कसं बोलता?”

“मी काय वाईट बोलले? इचारते आपली.”

काकू वाईट बोलत नव्हत्या. मलाही पुष्कळ दिवस हाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला केडगावात न मिळता माहेरी, घोडनदीत सुचलं.

घोडनदी म्हणजे शिरूर. आमच्याकडे मिशन केडगावच्या कितीतरी आधीचं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं, तिथून त्यांचं काम शिरूरला आलं. मिशनची शाळा आली, बोर्डिंग आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं रेव्हरंड विन्सर होते. त्यांनी मुलांना हातकाम शिकवायचं मनावर घेतलं, सुतारकाम आणि घायपाताचा वाख. आमच्याकडच्या माळावर दुसरं उगवतंय काय? घायपातच. त्याचे दोर वळायचे. साहेबाची नजर चांगली होती, यात वाद नाही. पण साहेब तो साहेब. काय शिकवायचं, कुणाला ठेवायचं, पैसे कुठं घालायचे हे त्यानं ठरवायचं आणि देशी शिक्षकानं त्याच्या हाताखाली काम करायचं. त्या काळी देशभर हाच शिरस्ता.

“तुमच्या घोडनदीची तऱ्हाच न्यारी,” काकू म्हणाल्या. “तुमी तर साहेबाचा देव केलाय.”

हा टोमणा मला लग्न होऊन आल्यापासून ऐकावा लागतोय. आणि तो खरा आहे, त्यामुळे इलाज नाही. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १८१८ मध्ये कोरेगाव भीमाला जी पलटण लढली, तीही शिरूरहूनच निघालेली. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८०९ मध्ये, कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी तिथं वारला. त्याची कबर आहे. लोक त्याला सत्पुरुष म्हणायला लागले, सुगीच्या वेळी कबरीला नैवेद्य दाखवायला लागले. जुन्या सरकारी गॅझेटियरात हे नोंदलेलं आहे. मी लहानपणी विचारलं होतं की साहेबाला नैवेद्य का, तेव्हा आजी म्हणाली होती, चांगला होता म्हणून. पुढे चौकशी नाही.

“तुमचं दौंडबी कमी नाही,” मी परतफेड केली. “दौंडला नॉर्टन साहेब होता, अमेरिकन. अनाथ पोरांचं वसतिगृह चालवायचा.”

“दौंड वायलं, केडगाव वायलं,” काकूंनी सरहद्द आखली. तालुका एक असला तरी.

पण मुद्दा निसटायला नको. शिरूरला साहेब वर आणि आपली माणसं खाली. केडगावला उलटं. इथं सगळ्यांच्या वर एक मराठी बोलणारी बाई, पांढऱ्या लुगड्यातली, कानानं जराशी अधू. आणि तिच्या हाताखाली अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कुठून कुठून आलेल्या बायका. मॅडम नसती आली तरी चाललं असतं का? चाललंही असतं. पण आली ती मालकीण होऊन आली नाही, कामाला आली. त्या काळात गोऱ्या बाईनं काळ्या बाईला ‘मी आता काय करू’ असं विचारायचं, ही काय साधी गोष्ट होती? साहेबाच्या क्लबात कुणी ऐकलं असतं तर चहा सांडला असता.

काकूंनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. “आन् त्या ऐकून घ्यायच्या?”

“ज्या ऐकायच्या त्या टिकायच्या.”

“मंग बरोबर आहे. आमच्या सासूबाई सांगायच्या, मोठ्या बाई गेल्यावरबी लोक म्हणायचे, बाई असत्या तर असं न्हाई झालं. म्हंजी धाक मागं राहिला व्हता.”

मोठ्या बाई गेल्या १९२२ च्या एप्रिलमध्ये. त्यांची मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळं जायचं होतं, ती आधीच्याच वर्षी गेली. मग लिसा हेस्टी नावाच्या परदेशी बाईंकडे कारभार आला. म्हणजे बाई गेल्यावर खुर्ची पुन्हा तिकडच्या माणसाकडे गेली, हेही सांगायला हवं, नाहीतर मी फार गोड गोष्ट सांगतेय असं व्हायचं.

“पर मोठ्या बाईंना हा रुबाब शिकवला कुणी?” काकूंनी विचारलं. “आमच्या टायमाला सासूसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, आन् ही बाई मडमांना कामं सांगती.”

“कुणी शिकवला नाही. त्याही आधी परदेशी एका मिशनात राहिल्या होत्या. पाहुणी म्हणून नाही, काम करून.”

हे काकूंना ठाऊक नव्हतं. वंशपरंपरागत माहिती फाटकापर्यंतच येते.

रमाबाई १८८३ मध्ये विलायतेला गेल्या. नवरा दोन वर्षांच्या संसारानंतर गेलेला, कडेवर लहानगी मनोरमा. प्रवासाचे पैसे कुठून आणले? ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं, ते विकून. कुणाचं दान नाही. वाँटेज नावाच्या गावात नन लोकांचा मठ होता, त्याच ननांची शाखा आपल्या पुण्यात होती. तिथं राहायचं ठरलं ते एका कबुलीवर. पुण्याला कामाला येणार असलेल्या ननांना रमाबाईंनी मराठी शिकवायचं आणि त्यांनी रमाबाईंना राहायला-जेवायला द्यायचं.

“म्हंजी तुमच्या भाचीवानीच!”

“भाचीपेक्षा बरा सौदा. हिला तर जेवणाचेही भरायचेत.”

आता तिथलं रोजचं राहणं. इंग्लंडची थंडी, आणि बाई शाकाहारी. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको. ननांना वाटायचं, आता तर ख्रिस्ती झाली, मग हा सोवळेपणा कशाला? बाई म्हणायच्या, धर्म घेतला म्हणजे जीभ विकली नाही. शब्द त्यांचे नाहीत, माझे आहेत, पण भाव तोच. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असायची. बाईंनी सांगितलं, अक्षरं हवीच असतील तर संस्कृत घाला. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवायला लागल्या. पुरुषांनाही शिकवायची वेळ येणार म्हटल्यावर इकडून, हिंदुस्थानातल्या बिशप साहेबांनी हरकत घेतली की हे बरं दिसणार नाही. ज्या बाईनं मुलगी असतानाच देशभर फिरून पुरुषांच्या सभेत पुराणं सांगितली, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हटलं, तिला हे सांगायचं! बाई संतापल्या. सिस्टर जेराल्डीन म्हणून एक वडीलधारी नन होत्या, मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणायची. त्यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून असा काही वाद झाला आहे की वाचताना घरातली सासू-सून आठवावी. प्रेमही तेवढंच आणि भांडणही.

“दुसऱ्याच्या घरी राहून भांडायचं?” सूनबाईंना हे फारच आवडलेलं दिसलं.

“तू नको शिकू,” काकू म्हणाल्या.

पण त्याच मुक्कामात रमाबाईंनी एक गोष्ट पाहिली. लंडनच्या फुलहॅम भागात याच ननांचं एक घर होतं. ज्या बायकांना समाजानं वाईट म्हणून टाकलं, त्यांना आसरा देणारं. अशा बायकांशी इतक्या मायेनं वागणारी माणसं त्यांनी पहिल्यांदा पाहिली. पुढे केडगावात कृपा सदन निघालं ते तसल्याच बायकांसाठी. म्हणजे त्या विलायतेहून काय घेऊन आल्या, तर ते घर. आणि काय आणलं नाही? वर बसून सांगणारी सिस्टर. माझ्या मते बाईंचं सगळं शहाणपण या निवडीत आहे. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या, बालवाडीचं शिक्षण घेतलं, गावोगाव भाषणं दिली, पुस्तक लिहून विकलं आणि बॉस्टनला मदतीची संस्था उभी केली. १८८९ मध्ये मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुण्याला आल्यावर १८९३ मध्ये धर्मावरून रान उठलं. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, लोकांनी मुली काढून नेल्या.

“त्यात लोकांचीबी काय चूक?” काकू शांतपणे म्हणाल्या. “आपली पोरगी ठेवायची आन् ती दुसऱ्याच देवाला हात जोडायला लागली, तर कुनाला चालंल?”

यावर आमचं कधीच एकमत होत नाही. काकू रोज संध्याकाळी बेटावर नारायण महाराजांच्या दत्ताला हात जोडतात, आणि पाय मुरगळला तर दाखवायला मिशनच्या दवाखान्याचंच नाव काढतात. केडगावचं सगळंच असं. एकाच स्टेशनावर उतरून कुणी डावीकडे बेटाकडे जातं, कुणी मिशनकडे. पुढे मनमाडच्या गाडीनं नगरच्या अलीकडे गेलं की अरणगावला मेहेरबाबांचं स्थान, तिथंही परदेशी माणसं राहून झाडलोट करतात. आमच्या या रेल्वेलाईनीला गोऱ्या माणसाचं अप्रूप कधीच नव्हतं.

“पण त्या अॅब्रम्सबाईचं पुढं काय झालं? तिचं अर्धंच ठेवलंत.”

बरं झालं आठवण केली. अॅब्रम्सबाई आली आणि थोड्याच दिवसांत रमाबाई अमेरिकेला गेल्या, मदतीचं नूतनीकरण करायला. मागे या नव्या बाईच्या खांद्यावर बराच भार. १९०५ मध्ये इथं प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली रात्र-रात्र रडायच्या, प्रार्थना करायच्या. मुलींमधूनच स्वयंसेविका मागितल्या गेल्या, आणि त्या आसपासच्या गावांत फिरायला लागल्या. म्हणजे जिला काही वर्षांपूर्वी कुणीतरी उचलून आणलं, तीच आता स्वयंसेविका. अॅब्रम्सबाईनं त्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली, १९०६ मध्ये. तिची एक जुनी मैत्रीण दक्षिण अमेरिकेत चिली देशात, वाल्पाराइसो गावी होती. तिला पाठवून दिली. ती पुस्तिका वाचून तिथं १९०९ मध्ये तशीच चळवळ उभी राहिली, आणि आज तिथल्या पेंटेकोस्टल लोकांच्या इतिहासात केडगावचं नाव येतं.

“चिली कुठं आलं?”

सूनबाईंनी मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. काकूंनी तो लांब धरून पाहिला.

“एवढ्या लांब केडगाव गेलं! आन् पुण्याला विचारा, केडगाव कुठलं, तर म्हणत्यात नगरचं का?”

ही जखम खरी आहे. नगरलाही एक केडगाव आहे आणि आमच्या पाहुण्यांपैकी निम्मे आधी तिकडे जाऊन येतात.

मग गाडी आताच्या मॅडमांवर आली. काकूंनी पाहिलेल्या त्या बाजारातल्या. एक कुणी ऑस्ट्रेलियाची होती की न्यूझीलंडची, तिनं मराठीतला पहिला शब्द शिकला तो ‘नको’. त्यावर ती पंधरा दिवस जगली. भाजीवालीला नको, रिक्षावाल्याला नको, चहा विचारला तरी नको, मग परत येऊन खुणेनं चहा मागितला. पुढे ‘बास’ शिकली, कारण ताटात वाढणाऱ्या बायका ‘नको’ ऐकत नाहीत. सकाळची प्रार्थना, मग लहान मुलांच्यात, दुपारी शाळेतून आलेल्या मुलींचा अभ्यास, इंग्रजी बोलायचा सराव, कपड्यांच्या गाठोड्यांची वर्गवारी. मुली तिथं फुलांच्या नावांच्या घरांतून राहतात, एकेका घराला एकेक आई. “ती आईच खरी,” काकू म्हणाल्या. “मडम येती आन् जाती. पोरास्नी लळा लावती आन् जाती. हे मला काय पटत न्हाई बगा.”

सूनबाई यावर बोलतील असं वाटलं, पण त्या गप्प राहिल्या. मीच म्हटलं की काकू, जगात पुष्कळ जण आता हेच म्हणतात. अनाथालयात चार आठवडे येऊन मुलांना कडेवर घ्यायचं आणि निघून जायचं, यानं मुलाचंच नुकसान होतं, म्हणून समजदार संस्था तात्पुरत्या माणसाला मुलांपासून जरा लांबचंच काम देतात. मोठ्यांना शिकव, हिशेब लाव, संगणक दुरुस्त कर. माझ्या भाचीलाही तिथल्या शिक्षकांना संगणक शिकवायचाय, मुलांना नाही. हे ऐकून काकूंच्या मनात पोरीची किंमत जरा वाढली.

“आणि व्हिसा?” सूनबाईंना कागदपत्रांत रस. त्यांचा भाऊ दुबईला आहे.

तिकडचं मला नक्की माहीत नाही, इकडचं आहे. आपल्याकडे परदेशी माणसाला टुरिस्ट व्हिसावर बिनपैशाची सेवा करता येते, पण फार तर महिनाभर. त्याहून जास्त राहून संस्थेत मानद काम करायचं तर नोकरीचा व्हिसा काढायचा.

“पगार न्हाई, आन् व्हिसा नोकरीचा?” काकूंनी मान हलवली. “सरकारलाबी हे गणित सुटलं न्हाई म्हणा की.”

एवढ्यात आतून सूनबाईंनी कुकरची शिट्टी मोजली आणि गॅस बारीक केला. काकू उठायच्या बेतात दिसल्या, पण उठल्या नाहीत. काहीतरी अडकलं होतं. काकूंचा खरा प्रश्न नेहमी शेवटी येतो, उठता उठता, जणू सहज.

“बाई, तुमची भाची सत्तावीसची ना?”

“अठ्ठावीस.”

“मंग आल्यावर बगणार, का तिकडंच…?”

“तेच वहिनीला टोचतंय. चौफुल्याकडचं एक स्थळ आलेलं, त्यांनी तीन महिने थांबायला नकार दिला.”

“त्या अॅब्रम्सबाईचं लगीन झालतं का?”

“नाही.”

“बगा!”

“पण रमाबाईंचं झालं होतं. १८८० मध्ये, आपल्या मर्जीनं, बंगाली वकिलाशी, दुसऱ्या जातीतल्या.”

काकू थोडा वेळ हिशेब करत राहिल्या. दोन्ही बाजूंनी काही सिद्ध होत नव्हतं.

“मग तिला म्हणावं, जाऊन ये,” त्या म्हणाल्या. “पण चौफुल्याच्या लोकांचा फोन नंबर मला द्या. त्यांच्या आत्याला मी वळखते. तीन महिने थांबायला काय झालंय त्यांना, जरा इचारते.”